घाटात शिट्टी वाजली, पण शिट्टी कुणाची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी नातवाला मागे बसवून ॲक्टिवावर घाटात गेलो होतो. कुठला घाट ते लिहीत नाही, कारण ज्याने अडवलं तो माणूस नक्की कुठल्या खात्याचा हेच मला अजून कळलेलं नाही, उगाच एका खात्याच्या नावाने बोंब मारायची आणि निघायचा तिसराच कुणी, असं नको. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं (पुण्यात हे मुद्दाम सांगावं लागतं). एका वळणावर नायलॉनची दोरी आडवी बांधलेली, एक टोक बाभळीला, दुसरं टोक प्लास्टिकच्या खुर्चीला आणि खुर्चीत एक गृहस्थ. खाकी पँट, वर हिरवट टीशर्ट, पायात स्पोर्ट शूज, गळ्यात शिट्टी. नेमप्लेट नाही, टोपी नाही, बिल्ला नाही. शिट्टी वाजली म्हणून मी थांबलो, साइड स्टँड लावतोय तोवर साहेबांनी हात घालून चावी काढून खिशात टाकलीसुद्धा.

"काका, लायसन." दाखवलं. "पीयूसी?" मोबाईलमध्ये काढलं तर चार दिवसांपूर्वी संपलेलं. चूक माझी, शंभर टक्के माझी, त्यात काही वाद नाही. "दोन हजार बसतात, नाहीतर गाडी जमा करावी लागेल. पोरगं बरोबर आहे म्हणून सांगतो, बघा काय ते." मी विचारलं, आपण कोण? "फॉरेस्ट." म्हटलं फॉरेस्टवाले पीयूसी कधीपासून बघायला लागले? "पोलीस पण आहेत ना बरोबर, जॉइंट आहे." मग पोलीस कुठेत? "चहाला गेलेत खाली."

वरून पावसाची भुरभुर, मागे चार-पाच गाड्या लागलेल्या, मागचे हॉर्न मारतायत, नातवाचं तोंड एवढंसं झालेलं. शेवटी दोनशे रुपये दिले. होय दिले, आणि ते दिले याचा रागच जास्त येतोय. पावती मागितली तर खुर्चीखालच्या पिशवीतून एक गुलाबी पुस्तक काढलं आणि त्यातली फाडून दिली, वर छापलंय 'निसर्ग स्वच्छता निधी', खाली बॉलपेनने २००, सही म्हणजे नुसता एक वळवळता किडा. ना खात्याचं नाव, ना शिक्का, ना माझ्या गाडीचा नंबर. दोरी खाली सोडली, चावी मिळाली, आम्ही वर गेलो. भजी खाताना नातवाने विचारलं, आजोबा, तो पोलीस होता का? आणि मला उत्तर देता येईना हो.

मी वकील नाही, पण बत्तीस वर्षं कोर्टात स्टेनो होतो, कलमं टाइप करून करून डोक्यापेक्षा बोटांना जास्त पाठ आहेत. घरी आल्यावर जुनी पुस्तकं काढली, मुलाने मोबाईलवर नव्या दुरुस्त्या दाखवल्या आणि मग जे कळलं ते इथे लिहितोय, कारण माझ्यासारखे शेकडो लोक दर शनिवार-रविवारी घाटात आणि टेकड्यांवर असे अडवले जातात आणि चूपचाप पैसे देऊन सुटतात.

आधी पोलिसांचं बघू. आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की जंगलाची हद्द लागली की पोलिसांचा अधिकार संपला, तिथे फक्त फॉरेस्टचं राज्य. हे साफ चूक आहे. वनखात्याची जमीन असली तरी ती कुठल्या ना कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत असतेच, सिंहगडच घ्या, तो पुणे ग्रामीणच्या हवेली ठाण्याकडे येतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात सार्वजनिक जागेची व्याख्या चांगली ऐसपैस आहे, रस्ता असो की दुसरी कुठली जागा, रहदारीची असो नसो, लोकांना तिथे जायचा हक्क असला की झाली सार्वजनिक. म्हणजे जंगलातून गेलेल्या घाटरस्त्यावर हेल्मेट नाही, ट्रिपल सीट आहे, दारू पिऊन चालवतोय, तर पोलीस तिथेही तितकीच कारवाई करू शकतात जितकी लक्ष्मी रोडवर. उलट जिथे लोकांना असा हक्कच नाही, म्हणजे कुंपणाच्या आतली बंदिस्त जागा, ती सार्वजनिक जागा धरता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या स्टील प्लांटमधल्या गाड्यांच्या टॅक्सच्या खटल्यात हेच सांगितलं. आता टेकडीवरच्या पायवाटेचं काय? तिथे चालत जायचा हक्क आहे, गाडी न्यायचा नाही. ती वाट या व्याख्येत बसते की नाही यावर दोन वकील दोन तास भांडतील, माझ्या मते बसते, कारण कायदा माणसांच्या जाण्याबद्दल बोलतोय, गाड्यांच्या नाही. पण हे माझं मत झालं, निकाल नाही.

आता पोलिसांच्या अधिकाराला मर्यादा कुठे, तर त्याही लिहिलेल्या आहेत. कलम १३० प्रमाणे लायसन मागायचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला. गणवेशातल्या, हे शब्द कायद्यातले आहेत, माझे नाहीत. जागेवर तडजोडीचा दंड घ्यायचा तर कलम २००, तेही सरकारने अधिसूचना काढून ज्यांना नेमलंय त्यांनीच. गाडी जप्त करायची तर कलम २०७, त्यासाठी लायसनच नसणं, चालवणारा कमी वयाचा असणं, गाडीचं रजिस्ट्रेशन किंवा परमिट नसणं असली कारणं लागतात. पीयूसी चार दिवसांपूर्वी संपलं म्हणून गाडी जमा, असं त्यात कुठेही नाही. पीयूसीचा गुन्हा वेगळा, कलम १९०, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या दंडाची वरची मर्यादा दहा हजारांपर्यंत आहे, म्हणजे हलकं प्रकरण मुळीच नाही, पण ते ज्याचं काम त्याने करायचं. आणि चावी काढून घ्या असं तर मला एकाही कलमात सापडलं नाही, दोनदा वाचलं. कागदपत्रं डिजीलॉकरमध्ये दाखवली तर चालतात, जवळ नसतील तर पंधरा दिवसांत आणून दाखवायची सोय नियम १३९ मध्ये आहे. इतकंच काय, जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनीच परिपत्रक काढलं की चलानसाठी स्वतःच्या खासगी मोबाईलवर फोटो काढू नका. म्हणजे खऱ्या पोलिसाच्या हातालासुद्धा एवढे लगाम आहेत, आणि इथे कोण कुठला माणूस खुर्चीत बसून चाव्या गोळा करतोय.

बरं, तो खरंच फॉरेस्टचा असता तर? वनरक्षकाचे अधिकार भारतीय वन अधिनियम १९२७ मधून येतात. राखीव वनात विनापरवाना घुसणं, आग लावणं, झाड तोडणं हे कलम २६ खाली गुन्हे, आणि काही गुन्ह्यांत कलम ६४ प्रमाणे वॉरंटशिवाय अटकही करता येते, म्हणजे फॉरेस्टवाल्याला काहीच अधिकार नाही असं म्हणणारी जी पोरं असतात ना, त्यांनी हे वाचावं. पण वनरक्षक काय करतो तर पीओआर फाडतो, म्हणजे गुन्ह्याची पहिली नोंद, आणि पैसे घेऊन प्रकरण मिटवायचा जो अधिकार कलम ६८ मध्ये आहे तो रेंजरच्या खालच्या माणसाला नाहीच. मूळ कायद्यात तर अशी गंमत आहे की हा अधिकार देताना रेंजरचा पगार महिना निदान शंभर रुपये पाहिजे! इंग्रज सरकारला तेव्हाही माहीत होतं की दंडाचं पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं आणि कुणाच्या नाही. लायसन, पीयूसी, हेल्मेट यातलं अक्षरसुद्धा वन अधिनियमात नाही, १९२७ साली असणार तरी कुठून.

अभयारण्य असेल तर गोष्ट बदलते. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो, परवान्याशिवाय आत शिरणं हाच कलम २७ खाली गुन्हा आणि कलम ५० मध्ये वन अधिकाऱ्याला संशयावरून गाडी थांबवून तपासायचा अधिकार स्पष्ट दिलाय. भीमाशंकर, ताम्हिणी, सुप्याचं मयूरेश्वर, ही आपल्या जिल्ह्यातली अभयारण्यं. पण तिथेही सार्वजनिक हमरस्त्यावरून नुसतं पार जाणाऱ्याला परवाना लागत नाही हे त्याच कलमात आहे. आणि गाडी तपासायची ती शिकार, कातडी, मांस यासाठी, पीयूसीसाठी नाही.

आता दुसरी बाजू, कारण नुसती तक्रार केली तर आपल्याकडचे वाचक लगेच म्हणतील पेन्शनर आहे, वेळ आहे. मी गेली अकरा वर्षं रोज सकाळी टेकडीवर जातो. दोन महिन्यांपूर्वी सहा-साडेसहाला वरच्या सपाटीवर तीन बुलेट आल्या, फटाके फोडणारे सायलेन्सर लावलेल्या, मोरांची जी काय केकावली चालू होती ती एकदम बंद. त्या वेळी बीटवर एक वनरक्षक ताई होत्या, एकट्या. हातात काठी, खांद्याला पर्स. त्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बाळांनो, गाड्या खाली लावून या." त्यातला एक हसून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला चलान करायचा अधिकार नाही, मी गुगल केलंय." आणि एक गोल चक्कर मारून, चिखल उडवून, गेले निघून. ताईंच्या पायजम्यावर गुडघ्यापर्यंत चिखल. मी म्हटलं पोलिसांना फोन करू का? तर म्हणाल्या, "केला होता काका मागच्या वेळी, ते म्हणाले वरती आमची गाडी येत नाही, खाली आले की पकडू." खाली उतरायला चार वाटा आहेत.

म्हणजे बघा, अर्धवट का होईना पण त्या पोराचं म्हणणं बरोबर होतं, चलान त्या करू शकत नाहीत. घुसखोरीची पीओआर फाडू शकतात, पण ती जागा राखीव वन असेल तर. आणि टेकडीवर उभं राहून कुणाला कळतं का की पायाखालची जमीन कुणाची? पुण्याच्या टेकड्यांचं हे असं आहे, थोडी वनखात्याची, थोडी महापालिकेची, थोडी खासगी, मध्येच कुठेतरी देवस्थान. गाडी जप्त करायची म्हटली तर वन अधिनियमातली कलम ५२ ची जप्ती मुळात लाकूडफाटा वगैरे वनोपजाशी जोडलेली, नुसती मजा म्हणून फिरवलेल्या बुलेटला ती लावायची तर कोर्टात उत्तर द्यावं लागेल. आवाजाच्या सायलेन्सरची कारवाई पोलीस करू शकतात, पण पोलीस वर येत नाहीत. ज्याला अधिकार आहे तो खाली चौकात, आणि जी वर उभी आहे तिच्या हातात काठी.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो, त्याला हे सांगितलं तर तो चाट पडला. तिकडे स्टेट पार्क म्हणून जी राज्याची उद्यानं असतात तिथला रेंजर हा शपथ घेतलेला पीस ऑफिसर असतो, म्हणजे पोलिसासारखाच, कमरेला पिस्तूल, वेगाचं तिकीट तोच देतो, अटक तोच करतो. तंबूंच्या आणि पिकनिकच्या जागी ताशी १५ मैलांच्या वर गाडी नेली की थांबवलंच म्हणून समजा. आपल्याकडे तसं व्हावं असं माझं म्हणणं नाही, वनरक्षक ताईंना पिस्तूल देऊन काय करायचंय, पण तिथे निदान आत शिरताना माणसाला माहीत असतं की इथे अडवणारा कोण आणि त्याचं काय चालतं.

आपल्याकडे पार्क हे नाव द्यायची मात्र हौस दांडगी. बायोडायव्हर्सिटी पार्क, बीडीपी, महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं आरक्षण. नकाशावर काय सुंदर हिरवं दिसतं. प्रत्यक्षात गेट नाही, पहारेकरी नाही, बरीचशी जमीन खासगी मालकीची, आणि रात्री तिथे काय काय चालतं ते सकाळी चालायला जाणाऱ्याला बाटल्यांवरून कळतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये बोपदेव घाटात सामूहिक बलात्काराचा जो भयानक प्रकार झाला त्यानंतर टेकड्यांच्या आणि घाटांच्या सुरक्षेवर बैठकांवर बैठका झाल्या. पण रात्री टेकडीवर गाडी दिसली तर ती कुणी थांबवायची, कुठल्या कायद्याखाली, हे लिहिलेला एक बोर्ड तरी लागला का? मला दिसलेला नाही.

सिंहगडाचं उदाहरण मला मुद्दाम द्यायचंय, कारण तिथे निदान पद्धत दिसते. वनखात्याचा नाका आहे, स्थानिक वन व्यवस्थापन समितीची माणसं असतात, गाडीमागे पैसे घेतात, त्याला उपद्रव शुल्क म्हणतात. (नाव इतकं प्रामाणिक आहे की मला ते फार आवडतं, आपण जातो तो उपद्रवच.) पण तिथेही हे शुल्क आहे, दंड नाही, आणि तो फरक लोकांना कळत नाही आणि काही वेळा घेणाऱ्यालाही कळत नसावा. मे २०२२ मध्ये खासगी गाड्या बंद करून पीएमपीच्या ई-बस वर सोडल्या होत्या, कल्पना माझ्या मते झकास होती, पण घाट, चढ, गर्दी, चार्जिंग, सगळ्याचा बोऱ्या वाजला आणि महिनाभरही ते टिकलं नाही. परत घाटात गाड्यांची रांग आणि शिट्ट्या.

आणि एक पावसाळी प्रकार. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागे एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, असल्या प्रकारांमुळे पावसाळा आला की जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश निघतात, आणि निघायलाच पाहिजेत, माणसं ऐकत नाहीत. पण हे आदेश मोडल्याचा गुन्हा, पूर्वी भादंवि १८८, आता न्यायसंहितेचं कलम २२३, त्यात कोर्टाने दखल घ्यायची तर संबंधित सरकारी अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. म्हणजे धबधब्यापाशी उभं राहून पाचशे-पाचशे गोळा करायची ही गोष्टच नाही. मी अशी प्रकरणं स्वतः टाइप केलीत, तक्रार नीट नसली की पहिल्याच तारखेला उडतात.

तर माझं म्हणणं मोठं नाही. घाटाच्या आणि टेकडीच्या तोंडाशी एक पत्र्याचा बोर्ड लावा. ही जमीन कुणाची, इथे गाडी कुठपर्यंत, कोणता कायदा लागतो, कोण अडवू शकतं, शुल्क किती आणि कुणाचं, कुठल्या ठाण्याचा फोन. मराठीत, मोठ्या अक्षरात, खाली संबंधित अधिकाऱ्याचं पदनाम. समितीचा किंवा रोजंदारीचा माणूस नाक्यावर बसवायचा असेल तर खुशाल बसवा, त्यालाही पोट आहे, पण गळ्यात ओळखपत्र आणि हातात छापील नंबरचं, शिक्क्याचं पावतीपुस्तक द्या, आणि लायसनला, चावीला हात लावायचा नाही हे त्याला आधीच सांगून ठेवा. आणि शनिवार-रविवार सकाळी निदान दोन तास खराखुरा जॉइंट बंदोबस्त करा, म्हणजे वनरक्षकाबरोबर चलानचं मशीन असलेला एक वाहतूक हवालदार टेकडीच्या वर. खाली चौकात नाही, वर. चालत येऊ दे, वीस मिनिटं लागतात, आम्ही सत्तरीतले रोज चढतो. त्या पोराने गुगल केलेलं एका मिनिटात निकामी होईल, घुसखोरी ताई लिहितील, सायलेन्सर हवालदार बघेल.

चौकात जसं मशीनमधून चलान निघतं, मोबाईलवर मेसेज येतो, तो आकडा कितीही असला तरी मी भरला असता, कुरकुरत भरला असता पण भरला असता. दोनशे रुपयांचं मला दुःख नाही, ते कुणाला दिले हे सांगता येत नाही याचं आहे.

पीयूसी दुसऱ्याच दिवशी सकाळी पेट्रोल पंपावर जाऊन काढून घेतलं. पावती मात्र जपून ठेवलीय, नातवाने ती भूगोलाच्या पुस्तकात ठेवली होती, तिथून काढून घेतली. अनुक्रमांक ४१७, रंग गुलाबी, कोपऱ्यावर चहाचा डाग. माझ्याआधी त्या पुस्तकातून चारशे सोळा फाटल्यात असा त्याचा अर्थ होतो. ज्या खात्याची, समितीची किंवा मंडळाची असेल त्यांनी आपल्या पेपरमार्फत कळवावं, मी झेरॉक्स पाठवून देईन, मूळ पावती देणार नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त स्टेनो, कोथरूड, पुणे
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये ही विनंती.)